बाबांचं इंग्रजी

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज मी बाबांशी इंग्रजीत बोलले.

एवढं एक वाक्य लिहून मघाशी वही मिटली होती. ते पुरेसं नाही म्हणून पुन्हा उघडली.

दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही तिघं डबे खात होतो. टोबी, सेवगी आणि मी. मंगळवारी दुपारी चष्म्याच्या दुकानात कुणी येत नाही. टोबीला एका गिऱ्हाइकाच्या पत्त्यात आमच्याकडच्या, वेल्समधल्या एका गावाचं नाव सापडलं होतं. तो ते घशातून खाकरत मोठ्याने वाचत होता.

"यांच्याकडे स्वर रेशनवर मिळतात बहुतेक. हेलन, हे गावाचं नाव आहे की कुणाच्या घशात काटा अडकलाय?"

मी हसले. नुसती हसले नाही, मीही खाकरून दाखवलं. मला ते त्याच्यापेक्षा चांगलं जमलं, कारण तो उच्चार मला येतो.

तेवढ्यात फोन वाजला. टेबलावर मधोमध पडला होता. बाबांचा होता. दुपारी ते कधी फोन करत नाहीत. दिवसभर डोंगरात कुणाच्या तरी शेताचा दगडी गडगा घालत असतात आणि तिथे रेंज नसते. म्हणजे मुद्दाम खाली रस्त्यापर्यंत चालत आले असणार. मी फोन उचलला आणि म्हणाले, "हाय बाबा, जरा कामात आहे. नंतर करू का?"

इंग्रजीत.

पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. मग बाबा म्हणाले, "होय. क्षमा असावी. नमस्कार." तेही इंग्रजीत.

चोवीस वर्षांत आमच्यात इंग्रजीचा एक शब्द झाला नव्हता. आई गेली त्या दिवशी इस्पितळात बाबा डॉक्टरांशी इंग्रजीत बोलले, मग माझ्याकडे वळले आणि तेच मला वेल्शमध्ये सांगितलं. आमच्याकडे माणसाशी ज्या भाषेत पहिलं बोलणं होतं, तीच त्या माणसाची भाषा. इद्वल काकाचा एक मित्र सीमेपलीकडचा इंग्रज. तो पुढे उत्तम वेल्श शिकला. पण पहिल्या दिवशी रामराम इंग्रजीत झाला होता, म्हणून ते दोघे चाळीस वर्षं इंग्रजीतच मेंढ्यांचे भाव बोलतात. हे असं बदलत नसतं.

सेवगी रोज जेवताना तिच्या आईशी तुर्कीत भांडते, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. तिने विचारलं, "तुम्ही घरी इंग्रजीच बोलता?"

"हो," मी म्हणाले. "ती दुसरी म्हाताऱ्यांची भाषा. मला धड येतही नाही."

माझं नाव हेलेद आहे. छातीवरच्या बिल्ल्यावर हेलन आहे. मॅनेजरने विचारलं होतं, हे चालेल ना, सोपं पडेल. मी म्हटलं होतं, उलट बरंच.

१२ ऑक्टोबर

फोन केला नाही.

१५ ऑक्टोबर, रविवार

केला. "बाबा," एवढंच म्हणाले आणि थांबले. बाबा हा शब्द दोन्हीकडे चालतो. म्हटलं, पुढचं त्यांनी ठरवावं.

ते म्हणाले, "नमस्कार, हेलेद. आपले काम कसे चालले आहे? इथे थंडी आहे."

इंग्रजीत. त्यांचं इंग्रजी कचेरीतून आलेल्या पत्रासारखं असतं. मी म्हणाले, "काम छान चाललंय." मीही इंग्रजीत. त्यांना हेच हवं असेल तर असंच. मी काही पायांवर लोळण घेणार नाही.

बोलताना मागे कागदाची सळसळ येत होती. माझ्याशी बोलताना ते वर्तमानपत्र वाचत होते. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मंगळवारचा फोन कशासाठी असेल. दर ऑक्टोबरात एकदा ते विचारतात, "यंदा कोणतं?" म्हणजे जानेवारीत चर्चमध्ये प्लगाइनला, नाताळगीतांच्या संध्याकाळी, आम्ही कोणतं गीत म्हणायचं. बाबा मधला सूर धरतात, काका खालचा. वरचा आईचा होता. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते, तेव्हापासून माझा. आणि निवड वरचा सूर गाणाऱ्याची, असं आमच्या घरात आहे.

आज त्यांनी विचारलं नाही.

२९ ऑक्टोबर

तिसरा रविवार. हवामान, काम, हवामान. कागद.

इंग्रजीत तू नाही आणि तुम्हीही नाही. दोन्हींना एकच शब्द. बाबा तो मला उद्देशून वापरतात तेव्हा मी कोण असते ते कळत नाही. मनात मी त्याचा अर्थ लावते, आणि दर वेळी तो तुम्ही असा लागतो. मला ते आयुष्यभर तू म्हणत आले. तुम्ही मी त्यांना म्हणायचं असतं.

संध्याकाळी काकाचा फोन आला. घरी एकटीच होते, त्यामुळे आमच्या भाषेत बोलले. काकाला सगळं गाव तू म्हणतं, पाद्रीबाईसुद्धा.

"काय गं लंडनवाली, राजाची शेजारीण! जिवंत आहेस?"

"आहे रे. बाबा कसे आहेत?"

"तुझा बाप?" काका खो खो हसला. "मंगळवार-शुक्रवार दाढी करतो हल्ली. टोपी काढून, अंडी घेऊन निघतो. तुमच्या कोंबड्या एवढी अंडी घालतात हे मलाच ठाऊक नव्हतं."

"कुठे निघतात?"

"मिसेस हॉलिसकडे. चॅपलशेजारच्या घरात राहायला आली ती, इंग्रज बाई. शाळेत शिकवायची म्हणे. विधवा आहे. तासभर बसतो आत. बाहेर येतो तेव्हा ओठ हलत असतात."

"म्हणजे?"

"पुटपुटतो स्वतःशी. प्रेमात पडलेला माणूस आणि देवाला लागलेला माणूस, लांबून सारखेच दिसतात बाई. मी आपला गडग्याआडून बघतो."

असं आहे तर. मी इथे तीन आठवडे स्वतःला खात बसले आहे, आणि तिकडे इंग्रजीचं कारण टोपी काढून भेटायला जाण्याइतकं सोपं होतं. तिच्याशी बोलून बोलून जीभ वळली असेल. माझा त्यात संबंधच नव्हता.

हे लिहून मला बरं वाटायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

आज मिसेस प्यू आल्या. वय एकोणनव्वद. काठी, हातमोजे, टोपीला पीस. परीक्षा होईपर्यंत मी मिस्टर कॉर्डेरींच्या देखरेखीखाली डोळे तपासते. ते कोपऱ्यात बसतात आणि काही बोलत नाहीत.

खुर्चीत बसता बसता त्या माझा बिल्ला वाचत होत्या. मी हनुवटी इथे टेका म्हणाले. तेवढ्या तीन शब्दांत त्यांनी मला ओळखलं. मान वर करून वेल्शमध्ये विचारलं, "कुठली गं तू?"

मी इंग्रजीत म्हणाले, "मी इथलीच. लंडनची."

"असं होय," त्याही इंग्रजीत म्हणाल्या. "माझे वडील इथे दूध घालायचे. तिकडून गाई घेऊन आले होते. मला वाटलं..."

दिवा मालवला. तक्त्याच्या पहिल्या दोन ओळी त्यांनी नीट वाचल्या. मग मी काचा बदलत राहिले, हे बरं की हे, आता हे की मघाचं, आणि त्या दमल्या. तिसऱ्या ओळीत यू होतं, त्या म्हणाल्या ई. ई होतं, त्या म्हणाल्या ए. एफ होतं, त्या म्हणाल्या एव्ह.

कोपऱ्यात मिस्टर कॉर्डेरींची पेन्सिल चालू झाली.

त्या एकही अक्षर चुकल्या नव्हत्या. ती आमची अक्षरं आहेत. यूला आम्ही ई म्हणतो. ईला ए, एफला एव्ह. बालवाडीत मी ती भिंतीवर बघून म्हटली आहेत, गुडघ्यांवर बसून, ओरडून. दमलेलं माणूस मोजतं आणि अक्षरं वाचतं ते आईच्या भाषेत. त्यांना पार खालची ओळ दिसत होती. त्या मला ती वाचून दाखवत होत्या.

मी म्हणाले, "थँक यू, मिसेस प्यू. झालं."

१५ नोव्हेंबर

मिस्टर कॉर्डेरींनी विचारलं, "कालच्या बाई तुला जरा गोंधळलेल्या वाटल्या का? दोन ओळी बरोबर आणि मग भलतीच अक्षरं. एव्ह म्हणजे काय? डोळ्यांचं हे नाही वाटत मला. त्यांच्या डॉक्टरांना लिहायला हवं, स्मरणशक्ती तपासून घ्या म्हणून. तुझं काय मत?"

टोबी काउंटरवर फ्रेमा पुसत होता. ऐकत होता.

मी म्हणाले, "थोड्या गोंधळलेल्या होत्या, हो."

गप्प राहणं ही एक गोष्ट झाली असती. मी बोलले.

१९ नोव्हेंबर

काही नाही. फोन झाला. कागद.

३ डिसेंबर, रविवार

बाबा आज नेहमीपेक्षा हळू बोलत होते. शब्द मोजून ठेवल्यासारखे. हवामान झाल्यावर थांबले. मग म्हणाले, "हेलेद, जानेवारीत आपण येण्याची आवश्यकता नाही. चर्चमध्ये फार थंडी असते. आपले काम महत्त्वाचे आहे. मी समजून घेईन."

आणि शेवटी थोडं हसले. मला ते हसणं फार लागलं. एकदाचं ओझं उतरल्यासारखं होतं.

मी म्हणाले, "ठीक आहे."

वरचा सूर बहुतेक मिसेस हॉलिस धरणार.

५ डिसेंबर

काका फोनवर ओरडला. "येणार नाहीस? मग वर कोण गाणार? मेंढी आणू का बांधून?"

"बाबांनीच सांगितलं, नको येऊस म्हणून."

"त्याने? तुम्ही बापलेक मला वेड लावणार. तू ये. मी सांगतो म्हणून ये."

गाडीचं तिकीट काढलं. काकासाठी जाते आहे असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ती बाई बघायची आहे.

१९ डिसेंबर, मंगळवार

मिसेस प्यूंचा मुलगा त्यांचा चष्मा न्यायला आला. साठीचा, जाडसर, ओला कोट. मी चष्मा डबीत घालत होते.

"आता किती दिवस घालणार कोण जाणे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी डोक्याची तपासणी लिहून दिलीय. तेव्हापासून खोलीतून बाहेर येत नाही. एकच विचारते, मी कोणती अक्षरं चुकले? सांगा ना, कोणती चुकली ती?"

मी डबी बंद केली. पिशवीत घातली. पिशवी त्याच्या हातात दिली. तो दारापर्यंत गेला.

मग मी मागच्या खोलीत जाऊन मिस्टर कॉर्डेरींना सांगितलं. सेवगी आणि टोबी जेवत होते.

मिस्टर कॉर्डेरींनी चष्मा काढला. "तुला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मी दुसऱ्या दिवशी तुला विचारलं तेव्हाही?"

"हो."

"हे तुला कसं माहीत?"

"ती माझी भाषा आहे."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्यांच्या डॉक्टरांना मी आज पत्र लिहितो. मिसेस प्यूंना तू फोन करायचास. आणि पुन्हा तपासायचंस. त्यांना हव्या त्या अक्षरांत."

टोबी म्हणाला, "मग त्या गावाच्या नावाला तू हसत का होतीस? मला वाटलं तुला गंमत वाटतेय." त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

सेवगी डबा बंद करत म्हणाली, "मी रोज तुझ्यासमोर आईशी बोलत होते. तू बसून ऐकायचीस." मग उठून नळाशी गेली.

२ जानेवारी, मंगळवार

मिसेस प्यू आल्या. पीस नसलेली टोपी.

मी आमच्या भाषेत सुरुवात केली. रात्रभर वाक्यं जुळवली होती. म्हणाले, माझं नाव हेलेद, मी बर्विनच्या डोंगराखालची, चूक माझी होती, तुम्ही एकही अक्षर...

त्यांनी हात वर केला. इंग्रजीत म्हणाल्या, "दिवा मालव, हेलन."

त्यांनी वाचलं. यूला ई, ईला ए, एफला एव्ह, मोठ्याने, एकेक अक्षर माझ्यावर फेकल्यासारखं, पार तळाच्या ओळीपर्यंत. मिस्टर कॉर्डेरींनी कोपऱ्यातून लिहून घेतलं. सगळं बरोबर.

त्या हातमोजे चढवत असताना मी पुन्हा वेल्शमध्ये काही म्हणायला गेले. त्या म्हणाल्या, "नको. तू मला पहिलं उत्तर ज्या भाषेत दिलंस, तीच आपली. तुला माहीत आहे आपल्याकडे कसं असतं ते." आणि दारात वळून, "तुझं इंग्रजी छान आहे गं. एकही डाग नाही."

५ जानेवारी, शुक्रवार. घर

स्टेशनवर बाबा गाडी घेऊन आले होते. माझी बॅग घेतली. हाताला नवी भेग पडली आहे, अंगठ्याच्या मुळाशी. दगडाची.

"प्रवास सुखाचा झाला?" इंग्रजीत.

"हो."

वाटेत एका उतारावर गाडी हळू केली आणि बोट दाखवलं. नवा गडगा. लांब, वळणाचा, चुना नाही, सिमेंट नाही. एरवी ते सांगतात, हा दगड कुठून आणला, तो कसा बसत नव्हता, आत भरायचा बारका दगड मिळायला किती फिरलो. आज बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. मग मिटलं. त्या सगळ्याचं इंग्रजी त्यांच्याकडे नसावं.

मीही विचारलं नाही. मिसेस प्यू डोक्यात होत्या. समजा मी आपल्या भाषेत बोलले आणि यांनीही हात वर केला तर?

घरात मिसेस हॉलिसची काही खूण दिसली नाही. मी बघितलं. बाथरूममध्येसुद्धा बघितलं.

६ जानेवारी, शनिवार

सकाळी पाव आणायला गेले तेव्हा ती भेटली. सत्तरीच्या पुढची, गुडघे दुखणारी, बोलघेवडी बाई. म्हणाली, "तू हेलेद ना? तुझे वडील म्हणजे काय मेहनती माणूस! माझ्या अख्ख्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नाही." माझं नाव तिने बरोबर उच्चारलं.

संध्याकाळी काका तालमीला आला. स्वयंपाकघरातच उभे राहून गातो आम्ही. काकाने गीत निवडून ठेवलं होतं, चार कडव्यांचं, सोपं. बाबा काकाशी वेल्शमध्ये बोलत होते आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत. "दुसरे कडवे थोडे सावकाश घ्यावे." मग काकाला, "तू मागे राहतोस, इद्वल."

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा काकाने वही टेबलावर टाकली. "हा काय तमाशा आहे? तीन माणसं आणि दोन भाषा. मी कुणाकडे बघून काय बोलू?"

बाबा म्हणाले, "तिला सोयीचं असेल ते बोलावं."

"तिने सांगितलं तुला, हे सोयीचं आहे म्हणून?"

"सांगायला लागतं का? तिकडे तिची माणसं असतात आजूबाजूला. मी मधेच फोन करतो. पोरीची पंचाईत होते."

मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. बाबा माझ्यासमोर माझ्याबद्दल माझ्या भाषेत बोलत होते, मला ती येतच नसल्यासारखे. मला धड येत नाही, असं मीच एकदा सांगितलं होतं. ते इथपर्यंत पोचलं होतं जणू.

काका माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "दुसरं कडवं घेऊ या का?" कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि कोणत्या भाषेत ते लिहीत नाही.

नंतर शब्द पाठ करायला गाण्यांचं पुस्तक वर आणलं. घरचं जुनं पुस्तक, हाताने लिहिलेलं. पणजोबांचं अक्षर, आजोबांचं, आईचं थोडं. मागची पानं कोरी असतात. ती आता कोरी नाहीत.

बाबांची पेन्सिल. डाव्या बाजूला तारखा, सगळे रविवार. पुढे इंग्रजी वाक्यं, पण आमच्या अक्षरांत, जशी कानाला ऐकू येतात तशी लिहिलेली. हाउ इज युअर वर्क. इट इज कोल्ड हिअर. वर आघाताच्या खुणा, गाण्याला करतात तशा, वजन कुठे टाकायचं ते. काही शब्द खोडून पुन्हा लिहिलेले. म्हणजे ते वर्तमानपत्र नव्हतं.

सर्वांत वर, तारीख नसलेलं, एक वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. यंदा कोणतं, एवढाच त्याचा अर्थ. इंग्रजीत ते साधं वाक्य आहे. चुकलेलं नव्हतं. तरी खोडलं होतं.

तीन डिसेंबरचं वाक्य सगळ्यांत लांब. येण्याची आवश्यकता नाही. त्याच्या समासात, आमच्या भाषेत, बारीक अक्षरात, स्वतःसाठी: हळू म्हणायचं. हसत म्हणायचं.

पुस्तक घेऊन जिन्यापर्यंत गेले. खाली बाबा भांडी धूत होते. काय म्हणायचं ते मला दोन्ही भाषांत येत होतं. चौथ्या पायरीवर उभी राहिले, आणि पाणी बंद झालं तशी परत वर आले.

७ जानेवारी, रविवार

कान अजून गरम आहेत.

चर्च भरलं होतं. तोंडातून वाफ निघत होती. पाद्रीबाईंनी प्रार्थना आटोपून म्हटलं, प्लगाइन खुलं आहे, आणि जाऊन बसल्या. त्यानंतर कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. ज्यांना गायचं ते उठतात, पुढे जातात, गातात, परत येतात. मग शांतता, आणि पुढचे कुणी उठतात. एकच नियम आहे. एकदा गायलेलं गीत त्या संध्याकाळी पुन्हा गायचं नाही.

तिसऱ्या खेपेला शाळेतल्या मुली उठल्या आणि आमचं गीत म्हणाल्या. चारही कडवी. छान म्हणाल्या.

काकाने कपाळाला हात लावला. "संपलं. चहा प्यायला जाऊ या," कुजबुजत म्हणाला.

बाबांच्या मांडीवर पुस्तक होतं. त्यात चाळीस गीतं आहेत. एक निवडायचं, आणि निवडायचं मी. त्यांनी मला विचारायला हवं होतं. त्या बाकावर बसून ते इंग्रजीत विचारणार नव्हते; त्या भिंतींच्या आत ती भाषा त्यांच्या तोंडून निघणार नाही. आणि आमच्या भाषेत विचारणार नव्हते, कारण माझी पंचाईत झाली असती. म्हणून समोर बघत बसले होते. हात पुस्तकावर. अंगठ्याची भेग.

चौथे गाऊन बसले. पाचवे गाऊन बसले. मग कुणीच उठेना. अशी शांतता लांबते तेव्हा सगळं चर्च न वळता एकमेकांकडे बघतं. लोक आमचीच वाट बघत होते. आमच्या घराने एकही वर्ष चुकवलेलं नाही.

मी त्यांच्या हाताखालून पुस्तक ओढून घेतलं. आईच्या अक्षरातलं पान काढलं, सात कडव्यांचं, वरचा सूर फार वर जातो ते. त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी पान बघितलं. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्याशी आपल्या भाषेत बोलले.

म्हणाले, "तू तयार आहेस?"

ऐकताच कळलं. तीन महिने या भाषेत मी काकाशी आणि स्वतःशीच बोलत आले. दोघांनाही तू म्हणते. तेच तोंडात बसलं होतं. पण आमच्या घरात बापाला तू म्हटलेलं मी ऐकलेलं नाही, आजोबांच्या तोंडूनही नाही. पुढच्या बाकावरच्या बाईची मान हलली. काकाने टोपी तोंडावर धरली, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता हात वर होणार.

बाबा सावकाश माझ्याकडे वळले. सहा वर्षांची असताना मी दुकानात म्हाताऱ्या पाद्र्याला तू म्हणाले होते. तेव्हाचाच चेहरा, तेव्हाच्या भुवया. आणि आवाजही तोच, विचार न करता निघालेला.

"'तुम्ही'," ते म्हणाले. आमच्या भाषेत.

मग त्यांच्याही लक्षात आलं. तोंड तसंच थोडं उघडं राहिलं.

"तुम्ही तयार आहात?" मी म्हणाले.

"केव्हाचा," बाबा म्हणाले. "चल, ऊठ तू."

पुढे जाऊन आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून उभे राहिलो. त्यांनी खिशातून सूर लावायचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला, आपल्या कानाशी धरला. मग माझ्या कानाशी.